लघुउद्योग सुरू करण्यापूर्वी स्वतःची सज्जता तपासा : अंबत्तूर औद्योगिक वसाहतीतून शेतकऱ्यांसाठी काही धडे

प्रस्तावना

शेतमाल आहे तसा न विकता त्यावर प्रक्रिया करून विकावा, हा सल्ला आज प्रत्येक शेतकरी मेळाव्यात दिला जातो. तो योग्यच आहे. हळदीची पूड, डाळ, बेदाणे, केळीचे वेफर्स, गूळ, लोणची, दुग्धजन्य पदार्थ अशा अनेक उद्योगांनी ग्रामीण कुटुंबांच्या उत्पन्नात मोलाची भर घातली आहे. परंतु सल्ला देताना यंत्रसामग्री, प्रकल्प अहवाल, अनुदान आणि बाजारपेठ यांची चर्चा होते. ज्या व्यक्तीने तो उद्योग चालवायचा तिची चर्चा सहसा होत नाही. पेरणीपूर्वी आपण मातीचे परीक्षण करतो, बियाण्याची उगवणक्षमता तपासतो. उद्योगात मात्र उद्योजकाची उगवणक्षमता न तपासताच भांडवलाची पेरणी होते. त्याचे परिणाम अनेक गावांत दिसतात : कुलूपबंद शेड, धूळ खात पडलेले यंत्र आणि सात-बारा उताऱ्यावरील बोजा.

उद्योग बुडाल्यास बहुतेक शहरी उद्योजकांची बचत जाते. शेतकऱ्याच्या बाबतीत तारण ठेवलेली जमीन धोक्यात येते. म्हणून स्वतःच्या सज्जतेचे मूल्यमापन हा शेतकरी उद्योजकाच्या दृष्टीने अत्यावश्यक टप्पा ठरतो. प्रस्तुत लेखात हे मूल्यमापन कसे करावे, त्यासाठी कोणते निकष वापरावेत आणि विस्तार कार्यकर्त्यांनी त्यात कोणती भूमिका घ्यावी, याचा विचार केला आहे. उदाहरणासाठी चेन्नईतील अंबत्तूर या लघुउद्योगांच्या वसाहतीचा आणि उद्योजकतेवरील एका महत्त्वाच्या भारतीय प्रयोगाचा आधार घेतला आहे.

अंबत्तूर : लघुउद्योगांची प्रयोगशाळा

स्वातंत्र्योत्तर काळात तत्कालीन मद्रास राज्याने लघुउद्योगांसाठी औद्योगिक वसाहती उभारण्याचे धोरण स्वीकारले. १९५८ मध्ये गिंडी येथील वसाहत उभी राहिली आणि पुढे १९६० च्या दशकात अंबत्तूरची वसाहत आकारास आली. त्या काळात आर. वेंकटरामन हे राज्याचे उद्योगमंत्री होते. चेन्नईच्या वायव्येस असलेल्या या भागात १९४९ मध्ये स्थापन झालेला टी. आय. सायकल्सचा कारखाना होता. १९५९ मध्ये डनलॉपचा टायर कारखानाही तेथे आला. पाडी, एन्नोर या जवळच्या भागांत वाहने व वाहनांचे सुटे भाग बनवणारे मोठे उद्योग होते. या मोठ्या कारखान्यांना लागणारे बोल्ट, बुशिंग, स्प्रिंग, साचे आणि रबरी भाग पुरवणारी छोटी युनिट्स अंबत्तूरमध्ये वाढत गेली. आज हजाराहून अधिक लघुउद्योग असलेली ही वसाहत देशातील मोठ्या लघुउद्योग वसाहतींमध्ये गणली जाते.

शेतकऱ्यांनी या वसाहतीकडे पाहण्याचे कारण वेगळे आहे. तेथे गाळा, रस्ता, वीज, मोठे ग्राहक आणि कुशल कामगार या सर्व सोयी एकाच ठिकाणी उपलब्ध होत्या. तरीही प्रत्येक उद्योग टिकला नाही. २००८ नंतरच्या काही वर्षांत तमिळनाडूत तीव्र वीजटंचाई होती आणि छोट्या कारखान्यांना दिवसातील कित्येक तास यंत्रे बंद ठेवावी लागत. डिसेंबर २०१५ च्या पुरात वसाहतीतील अनेक कारखान्यांत पाणी शिरले. २०१९ मध्ये वाहन उद्योगात मंदी आली. मोठ्या कारखान्यांनी उत्पादनाचे दिवस कमी केले आणि त्यांच्यावर अवलंबून असलेल्या पुरवठादारांची कामे आटली. पाठोपाठ २०२० ची टाळेबंदी आली. ज्या डनलॉपच्या कारखान्याचा परिसराला आधार होता, तोही कालांतराने बंद पडला.

यातून तीन गोष्टी लक्षात येतात. पहिली, पायाभूत सोयी उद्योगाला उभे करतात. संकटात तो टिकेल की नाही हे मात्र बहुतांशी चालवणाऱ्याच्या तयारीवर, म्हणजे त्याच्या गंगाजळीवर, ग्राहकांच्या विविधतेवर आणि निर्णयक्षमतेवर ठरते. दुसरी, एकाच खरेदीदारावर विसंबणे हे एकाच पिकावर विसंबण्याइतकेच धोक्याचे आहे. तिसरी, तेथील अनेक युनिट्सचा पाया 'जॉब वर्क' हा आहे. ग्राहकाने दिलेल्या नमुन्यानुसार काम करून देणे, त्यातून अचूकता व वेळेची शिस्त शिकणे आणि मग स्वतःच्या उत्पादनाकडे वळणे, हा कमी जोखमीचा मार्ग आहे. शेतमाल प्रक्रियेतही तो तितकाच उपयुक्त आहे.

उद्योजकाची प्रवृत्ती : काकीनाडाचा प्रयोग

उद्योजक जन्मावा लागतो की घडवता येतो, या प्रश्नाचे उत्तर शोधण्याचा गाजलेला प्रयोग आपल्याच देशात झाला. हार्वर्ड विद्यापीठातील मानसशास्त्रज्ञ डेव्हिड मॅक्लेलंड यांनी १९६४ च्या सुमारास हैदराबादच्या लघुउद्योग विस्तार प्रशिक्षण संस्थेच्या सहकार्याने आंध्र प्रदेशातील काकीनाडा येथील छोट्या व्यावसायिकांना 'सिद्धिप्रेरणे'चे प्रशिक्षण दिले. स्वतःचे उद्दिष्ट ठरवणे, त्यातील अडथळे ओळखणे, प्रगती मोजणे आणि परिणामांची जबाबदारी स्वतःकडे घेणे यांवर त्या प्रशिक्षणाचा भर होता. पुढील काळात प्रशिक्षण घेतलेल्यांनी, न घेतलेल्यांच्या तुलनेत, व्यवसायवाढीसाठी अधिक हालचाली केल्याचे आढळले. पारंपरिक पेहराव, जात वा धार्मिक आचार यांचा त्यात अडसर झाला नाही.

या प्रयोगातील एक बारकावा आपल्यासाठी विशेष महत्त्वाचा आहे. ज्यांच्या हाती व्यवसायातील निर्णयाचा अधिकार होता, त्यांच्यातच बदल ठळकपणे दिसला. प्रेरणा आहे, पण निर्णय दुसऱ्याच्या हाती आहे, अशा व्यक्तीला प्रशिक्षणाचा पुरेसा लाभ होत नाही. एकत्र कुटुंबातील तरुण शेतकरी आणि महिला उद्योजक यांच्या संदर्भात हा मुद्दा पुढे सविस्तर पाहू.

मॅक्लेलंड यांचा कड्या फेकण्याचा खेळही प्रसिद्ध आहे. जमिनीत रोवलेल्या खुंटीवर कडी फेकायची. किती अंतरावरून, हे खेळणाऱ्याने ठरवायचे. काही जण अगदी जवळ उभे राहतात, तेथे यश निश्चित पण समाधान नाही. काही फार दूर उभे राहतात, तेथे सारा भार नशिबावर. सिद्धिप्रेरणा असलेली व्यक्ती मध्यम अंतर निवडते : प्रयत्न केल्यास साधेल, पण प्रयत्नावाचून साधणार नाही, असे. आपण कोठे उभे राहतो, हे प्रत्येकाने स्वतःला विचारावे. पहिल्याच वर्षी निर्यात करण्याचे स्वप्न पाहणारा आणि चार वर्षे नुसती प्रशिक्षणे घेत राहणारा, दोघेही खुंटीपासून चुकीच्या अंतरावर आहेत.

मूल्यमापनाचे सूत्र : मत नको, पुरावा हवा

"तुम्ही मेहनती आहात का? तुम्हाला जोखीम घेता येते का?" अशा प्रश्नांना बहुतेक जण 'होय' असेच उत्तर देतात. असे मूल्यमापन निरुपयोगी होय. प्रत्येक प्रश्नाचे उत्तर गेल्या बारा महिन्यांतील एखाद्या प्रत्यक्ष कृतीने द्यावे, हे सूत्र पाळल्यास चित्र स्पष्ट होते. "मला हिशेब ठेवता येतो" हे मत झाले. "गेल्या हंगामातील कपाशीच्या प्रत्येक खर्चाची नोंद या वहीत आहे" हा पुरावा झाला.

पुढील आठ निकषांपैकी प्रत्येकास ०, १ किंवा २ गुण द्यावेत. पुरावा नसल्यास ०, अंशतः असल्यास १ आणि ठोस असल्यास २. एकूण गुण १६.

१. हेतू : हा उद्योग मला का करायचा आहे, हे दोन वाक्यांत लिहावे. त्या वाक्यांतून 'अनुदान' हा शब्द वगळल्यावरही कारण शिल्लक राहते का, ते पाहावे. शेजाऱ्याने केला, योजना आली, मुलाला नोकरी नाही, ही निमित्ते आहेत. आपल्याकडे उपलब्ध असलेला कच्चा माल, एखादे कौशल्य वा ओळखीची मागणी यांवर आधारलेला हेतू टिकाऊ असतो.

२. निर्णयाचा अधिकार व कुटुंबाची संमती : खरेदी, दर, कर्ज आणि मजूर यांविषयी अंतिम निर्णय कोण घेणार? उद्योग महिलेच्या नावावर आणि बँक खात्याचे व्यवहार दुसऱ्याच्या हाती, अशी स्थिती असल्यास शून्य गुण द्यावेत. जमीन तारण ठेवायची असेल तर भावांची व जोडीदाराची संमती रक्कम, मुदत आणि संभाव्य तोटा सांगून घेतलेली असावी. नुसती सही म्हणजे संमती नव्हे.

३. वेळ : शेतीचे व उद्योगाचे वार्षिक वेळापत्रक एकाखाली एक मांडावे. हळदीची काढणी, शिजवणी व वाळवणी ज्या महिन्यांत चालते त्याच महिन्यांत वर्षभराच्या कच्च्या मालाची खरेदीही करावी लागते. द्राक्ष बागायतदाराला छाटणीनंतरच्या दिवसांत उद्योगाकडे पाहण्यास उसंत नसते. त्या काळात उद्योग कोण सांभाळणार, त्या व्यक्तीचे नाव लिहिता आले पाहिजे.

४. कामाचा अनुभव : प्रशिक्षण आवश्यक आहे, परंतु पाच दिवसांच्या वर्गात यंत्राची ओळख होते; यंत्र बिघडल्यावर काय करायचे ते कळत नाही. दुसऱ्याच्या चालू युनिटमध्ये किमान काही आठवडे काम केले असल्यास पूर्ण गुण द्यावेत. जैन इरिगेशनचे संस्थापक भवरलाल जैन यांचे उदाहरण येथे बोलके आहे. १९६३ मध्ये सात हजार रुपयांच्या कौटुंबिक बचतीवर त्यांनी जळगावात रॉकेल विक्रीपासून आरंभ केला. पुढे शेतीला लागणाऱ्या वस्तूंच्या एजन्सी घेतल्या. बंद पडलेला केळी भुकटीचा कारखाना घेऊन पपईच्या चिकापासून पपेन बनवण्याच्या उद्योगात ते १९७८ मध्ये उतरले. त्यामागे शेतकरी ग्राहकाशी व्यवहार केल्याचा सुमारे पंधरा वर्षांचा अनुभव होता.

५. विक्री : नातेवाईक व मित्र यांच्याखेरीज, अनोळखी ग्राहकाला आपण काही विकले आहे का? त्याने दुसऱ्यांदा मागणी केली का? आडतीवर माल टाकणे आणि ग्राहकाला माल विकणे ही दोन भिन्न कौशल्ये आहेत. चेन्नईतच १९७० मध्ये आर. जी. चंद्रमोगन यांनी तेरा हजार रुपयांच्या भांडवलावर रोयापुरम भागात बर्फाच्या कांड्यांचा लहानसा उद्योग सुरू केला आणि हातगाड्यांवरून विक्री केली. महानगरातील बाजार नामांकित आइस्क्रीम कंपन्यांच्या हाती असल्याचे पाहून त्यांनी पुढे लहान शहरांकडे मोर्चा वळवला. आजची हॅटसन ही मोठी दुग्ध कंपनी त्यातूनच उभी राहिली. आपला ग्राहक कोण, हे त्यांना रस्त्यावरच्या विक्रीने शिकवले.

६. आर्थिक सहनशक्ती : उद्योगातून एक रुपयाही न मिळता घरखर्च किती महिने चालेल? सहा महिन्यांची तरतूद असल्यास २, तीन महिन्यांची असल्यास १ आणि त्याहून कमी असल्यास ० गुण. सावकाराचे वा बँकेचे थकीत कर्ज असल्यास शून्यच. बुडाली तरी घर, शिक्षण व आजारपण यांवर परिणाम होणार नाही, अशी रक्कम किती, हे आकड्यात लिहावे. अंथरूण पाहून पाय पसरावेत, ही म्हण येथे शब्दशः लागू होते.

७. नोंदी व शिस्त : शेतीच्या व घरच्या खर्चाच्या नोंदी स्वतंत्र आहेत का? उद्योगाच्या गल्ल्यातून घरखर्च भागवण्याची सवय हे छोटे उद्योग आतून पोखरले जाण्याचे नेहमीचे कारण आहे.

८. नकार व ताण सोसण्याची तयारी : दुकानदाराने माल परत केला, उधारी थकली, मजूर आला नाही, अशा वेळी पूर्वी आपण कसे वागलो? गारपीट व पडलेले भाव सोसलेल्या शेतकऱ्याकडे ही ताकद पुष्कळदा असते. परंतु निसर्गाने केलेले नुकसान सोसणे आणि ग्राहकाची तक्रार ऐकून स्वतःच्या मालात सुधारणा करणे यांत फरक आहे.

गुणांचा अर्थ : १२ किंवा अधिक गुण असल्यास लहान प्रमाणात प्रारंभ करावा. ७ ते ११ गुण असल्यास कमी पडणाऱ्या निकषांवर सहा महिने काम करून पुन्हा मूल्यमापन करावे. ६ किंवा त्याहून कमी गुण असल्यास तूर्त भागीदारी, जॉब वर्क किंवा शेतकरी उत्पादक कंपनीचे सभासदत्व हे पर्याय पाहावेत. मात्र एक अट महत्त्वाची आहे. निर्णयाचा अधिकार (२), विक्री (५) आणि आर्थिक सहनशक्ती (६) यांपैकी एकातही शून्य असल्यास, एकूण गुण कितीही असोत, कर्ज घेऊ नये. साखळीची ताकद तिच्या सर्वांत कच्च्या कडीइतकीच असते. ही श्रेणी मार्गदर्शनापुरती आहे; गुणांपेक्षा त्यानिमित्ताने होणारा विचार मोलाचा आहे.

हिशेबाची सज्जता : एक नमुना उदाहरण

पुढील आकडे केवळ पद्धत समजावी म्हणून गृहीत धरले आहेत. प्रत्येकाने आपल्या भागातील दर घालून हिशेब करावा.

समजा, हळद दळून पाकिटबंद करण्याच्या युनिटसाठी शेड व यंत्रे मिळून ६ लाख रुपये लागतात. त्यांपैकी ६० हजार रुपये स्वतःचे आणि ५ लाख ४० हजार रुपये बँकेचे कर्ज. व्याजदर ११ टक्के व मुदत ७ वर्षे धरल्यास मासिक हप्ता सुमारे ९,२५० रुपये येतो. विमा, दुरुस्ती, विजेचा स्थिर आकार इत्यादी स्थिर खर्च दरमहा ३,००० रुपये धरू. म्हणजे यंत्र चालो वा न चालो, दरमहा १२,२५० रुपये लागणारच.

एक किलो पुडीसाठी घट धरून कच्चा माल १४० रुपये, दळण व मजुरी १५ रुपये, पॅकिंग १२ रुपये, वाहतूक व विक्री खर्च १३ रुपये, असे एकूण १८० रुपये लागतात. दुकानदाराला २१० रुपये दराने विक्री झाल्यास किलोमागे ३० रुपये उरतात. त्यावरून,

• ना नफा ना तोटा पातळी : १२,२५० ÷ ३० = सुमारे ४०८ किलो दरमहा.
• उद्योजकाला दरमहा १५,००० रुपये मेहनताना हवा असल्यास : २७,२५० ÷ ३० = सुमारे ९०८ किलो दरमहा.

आता खेळत्या भांडवलाकडे पाहू. दरमहा ५०० किलो विक्री धरली आणि सहा महिन्यांचा कच्चा माल हंगामात घेतला, तर ३,००० किलोंसाठी ४ लाख २० हजार रुपये लागतात. दुकानदारांकडे ४५ दिवसांची उधारी राहिल्यास १ लाख ५७ हजार ५०० रुपये तेथे अडकतात. दोन्ही मिळून ५ लाख ७७ हजार ५०० रुपये होतात, म्हणजे जवळजवळ यंत्र व शेड यांच्या खर्चाइतकेच. ही रक्कम प्रकल्प अहवालात पुष्कळदा अपुरी धरलेली असते. ५०० किलो विक्रीवर हप्ता व स्थिर खर्च वजा जाता दरमहा २,७५० रुपये उरतात. खेळते भांडवल ११ टक्के व्याजाने घेतले आणि साठा हळूहळू कमी होतो म्हणून सरासरी निम्माच धरला, तरी व्याज दरमहा सुमारे ३,३७० रुपये होते. म्हणजे कागदावर नफ्यात दिसणारे युनिट प्रत्यक्षात तोट्यात, आणि उद्योजकाची मजुरी फुकट.

या हिशेबातून सज्जतेचा नेमका प्रश्न हाती येतो : "मी दरमहा ९०० किलो पूड कोणाला विकणार आहे?" त्याचे उत्तर दुकानांच्या नावांसह देता आले पाहिजे.

अनुदानाविषयी एक खुलासा

२०२० मध्ये सुरू झालेल्या प्रधानमंत्री सूक्ष्म अन्न प्रक्रिया उद्योग योजनेत पात्र प्रकल्प खर्चाच्या ३५ टक्के, कमाल १० लाख रुपयांपर्यंत कर्जसंलग्न अनुदान आणि किमान १० टक्के स्वहिस्सा अशी रचना ठेवण्यात आली. हे अनुदान लाभार्थ्याच्या हाती रोख येत नाही. ते बँकेत जमा राहते आणि तीन वर्षांनंतर कर्जखाते नियमित व उद्योग चालू असल्यास कर्जात वळते होते. म्हणून पहिल्या तीन वर्षांचा हिशेब पूर्ण कर्जावरच मांडावा. अनुदान हे नियमित परतफेडीचे फळ आहे. त्यावर घरखर्चाची वा खेळत्या भांडवलाची भिस्त ठेवू नये. कृषी पदवीधरांसाठी २००२ पासून राबवण्यात आलेल्या कृषी चिकित्सालय व कृषी व्यवसाय केंद्र योजनेतही कर्जापूर्वी निवासी प्रशिक्षणाचा टप्पा आहे. त्याकडे औपचारिकता म्हणून पाहू नये.

नव्वद दिवसांची चाचणी

नव्या वाणाची लागवड आपण आधी चार-दोन गुंठ्यांत करून पाहतो. उद्योगाचीही अशी चाचणी घ्यावी.

• पहिले ३० दिवस : किमान वीस दुकानदार व वीस ग्राहक यांच्याशी बोलून ते सध्या कोणता माल, कोणत्या दराने, किती उधारीवर घेतात, याची नोंद करावी. आपला माल दाखवण्याची घाई करू नये.
• पुढील ३० दिवस : स्वतः यंत्र न घेता गावातील गिरणीतून वा चालू युनिटमधून जॉब वर्कने थोडा माल तयार करून विकावा. विक्रीसाठी अन्नपदार्थ बनवणाऱ्या लहान उत्पादकालाही अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाची नोंदणी आवश्यक असते. ती चाचणीपूर्वीच घ्यावी आणि पाकिटावर नियमानुसार मजकूर छापावा.
• शेवटचे ३० दिवस : पुन्हा मागणी किती आली, परत किती माल आला, उधारी किती वसूल झाली, हे मोजावे. पहिली विक्री ओळखीवर होते. दुसरी मालाच्या गुणवत्तेवर होते.

हंगामाची परीक्षाही विसरू नये. १९५९ मध्ये मुंबईच्या गिरगावात सात महिलांनी ८० रुपये उसने घेऊन पापड लाटण्यास प्रारंभ केला. तोच पुढे लिज्जत पापड म्हणून नावारूपाला आला. पहिल्या पावसाळ्यात पापड वाळेनात, म्हणून काम चार महिने थांबवावे लागले. दुसऱ्या वर्षी त्यांनी खाट व शेगडीच्या साहाय्याने पापड वाळवण्याची सोय केली. आरंभी दोन प्रतींचे पापड करण्याचा विचार होता. तो सोडून एकच उत्तम प्रत आणि काटेकोर हिशेब यांवर भर देण्यात आला. भांडवल अल्प असल्याने पहिल्या वर्षीच्या अडचणीने संस्था बुडाली नाही, उलट शिकली. तोच चार महिन्यांचा खंड कर्जाच्या मोठ्या हप्त्यासह आला असता तर काय झाले असते, याचा विचार प्रत्येक नवउद्योजकाने करावा.

उधारी व कायदा

अंबत्तूरच्या लघुउद्योगांप्रमाणेच ग्रामीण उद्योगालाही सर्वाधिक सतावणारी बाब म्हणजे थकलेली देणी. २००६ च्या सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग विकास अधिनियमानुसार सूक्ष्म व लघु उत्पादकाकडून माल घेणाऱ्याने ठरलेल्या मुदतीत, आणि कोणत्याही परिस्थितीत ४५ दिवसांच्या आत, रक्कम देणे बंधनकारक आहे. विलंब झाल्यास रिझर्व्ह बँकेने जाहीर केलेल्या बँक दराच्या तिप्पट दराने चक्रवाढ व्याज देय होते. या संरक्षणासाठी उद्यम नोंदणी करून घ्यावी आणि प्रत्येक विक्रीचे बिल व पोच जपून ठेवावी. कायदा हाताशी असला तरी उधारीची मर्यादा आपणच आखावी. कोणत्याही एका ग्राहकाकडे एकूण विक्रीच्या एक तृतीयांशाहून अधिक भार नसावा, असा दंडक सुरुवातीपासून पाळणे हितावह आहे.

विस्तार कार्यकर्त्यांची भूमिका

वर्षअखेरीस लक्ष्यांक गाठण्याच्या घाईत प्रस्तावांची संख्या वाढते आणि व्यक्तीची पारख मागे पडते. प्रस्ताव मंजूर होणे हे कार्यालयाच्या दृष्टीने यश असले, तरी कुटुंबाच्या दृष्टीने ती केवळ जबाबदारीची सुरुवात असते. म्हणून विस्तार कार्यकर्त्यांनी पुढील बाबी पाळाव्यात.

१. प्रकल्प अहवालापूर्वी वरील आठ निकषांचा तक्ता शेतकऱ्याकडून स्वहस्ते भरून घ्यावा व पुरावे पाहावेत.

२. चर्चा जोडीदाराच्या उपस्थितीत, शक्यतो घरी जाऊन करावी. सभागृहात न निघणारे प्रश्न ओसरीवर निघतात.

३. यशस्वी उद्योगाबरोबरच बंद पडलेल्या उद्योगाचीही भेट घडवावी. बंद पडण्याची कारणे संबंधितांचा मान राखून समजून घ्यावीत.

४. बचत गट वा शेतकरी उत्पादक कंपनी असल्यास मूल्यमापन गटाचे न करता, प्रत्यक्ष व्यवस्थापन करणाऱ्या दोन-तीन व्यक्तींचे करावे.

५. ज्याची तयारी अपुरी आहे त्याला कृषी विज्ञान केंद्र, ग्रामीण स्वयंरोजगार प्रशिक्षण संस्था, जिल्हा उद्योग केंद्र किंवा महाराष्ट्र उद्योजकता विकास केंद्र यांच्याकडे नेमक्या उणिवेसाठी पाठवावे. हिशेबात कच्चा असलेल्यास पुन्हा प्रक्रियेचे प्रशिक्षण देऊन उपयोग नाही.

६. "आत्ता नको" हा सल्ला देण्याचे धैर्य ठेवावे. सहा महिन्यांनी पुन्हा भेटण्याची तारीख त्याच वेळी द्यावी, म्हणजे तो नकार न वाटता तयारीचा कालावधी वाटेल.

समारोप

सज्जता ही जन्मजात देणगी नाही. काकीनाडाच्या प्रयोगाने ती वाढवता येते हे दाखवले आहे. ती आपोआपही येत नाही. सर्व सोयींनी युक्त अशा अंबत्तूरमध्येही ज्याची गंगाजळी, ग्राहक आणि नोंदी भक्कम होत्या, त्याचीच संकटातून सावरण्याची शक्यता अधिक होती. शेतकऱ्याजवळ कष्ट, चिकाटी आणि अनिश्चिततेशी झुंजण्याची सवय हे मोठे भांडवल आहे. त्याला विक्रीचे कौशल्य, हिशेबाची शिस्त आणि कुटुंबाची जाणती संमती यांची जोड मिळाली, तर उद्योग रुजण्याची शक्यता निश्चितच वाढते.

तेव्हा यंत्राचे दरपत्रक मागवण्यापूर्वी एक कोरी वही घ्यावी, आठ निकष लिहावेत आणि प्रत्येकापुढे गेल्या वर्षातील एकेक पुरावा मांडावा. ज्या ओळी रिकाम्या राहतील, तोच आपला पहिल्या सहा महिन्यांचा कार्यक्रम होय. वाफसा येईपर्यंत थांबणे म्हणजे पेरणी टाळणे नव्हे, हे शेतकऱ्याला वेगळे सांगावे लागत नाही.